रानातला एकेरी तेरडा घरच्या कुंडीत: बी, माती, भुरी आणि गौरीची तारीख

गच्चीकर
पुण्यात पूर्वेची गच्ची आहे. सकाळी साडेअकरापर्यंत ऊन, मग सावली. नर्सरीतली गुलाबासारखी भरगच्च गुलमेंदी नको आहे. पावसाळ्यात घाटात, कोकणात रस्त्याच्या कडेला माजतो तो एकेरी पाकळ्यांचा तेरडा लावायचा आहे आणि जमलं तर गौरीला घरचाच हवा. बी कुठून आणायचं, कधी पेरायचं, कुंडी केवढी, माती कशी? दुकानात 'बाल्सम' लिहिलेली पाकिटं मिळतात, ती चालतील का?

जांभ्या
आधी पाकिटाचं. पाकिटातला बाल्सम आणि रानातला तेरडा ही वनस्पतीशास्त्राच्या हिशेबाने एकच जात, इम्पेशन्स बाल्समिना. फरक निवडीतून पडलेला आहे. बागेतल्या दुहेरी वाणात पुंकेसरांच्या पाकळ्या झालेल्या असतात, म्हणून फूल भरगच्च दिसतं. पण त्यात पराग कमी, आणि भरगच्च पाकळ्यांतून कीटकांना मधापर्यंत नीट पोचताही येत नाही. रानातल्या फुलाला मागे बारीक वाकडी सोंड असते, मध त्या सोंडेच्या टोकाशी. फुलपाखरं आणि मधमाश्या यायला हव्या असतील तर एकेरीच लावा.

दुसरं, पाकिटातले वाण बहुधा बुटके आणि लवकर फुलणारे निवडलेले असतात. ते कुंडीत छान दिसतात, पण गौरीला लागतो तो हात-दीड हात उंच, तांबूस दांड्याचा तेरडा त्यातून मिळत नाही. आणि दोन्ही शेजारी लावलेत तर संकर होणार हे धरून चाला. पुढच्या वर्षीच्या रोपांत अर्धवट दुहेरी, फिकट, ठिपकेदार असं काहीही निघेल.

वेणू
बी मिळवायची सोपी जागा म्हणजे गौरीच्या आदल्या दिवशीचा बाजार. तेरड्याच्या जुड्या मुळांसकट विकायला येतात, कारण मुळं म्हणजे गौरीची पावलं मानतात. विसर्जनानंतर त्या जुड्या टाकून न देता खालच्या बाजूची बोंडं बघा. तेरडा दांड्यावर खालून वर फुलत जातो, त्यामुळे सगळ्यात जुनी बोंडं खाली असतात. गौर उशिरा आली असेल तर त्यातली काही भरलेली निघतात. कच्ची असतील तर जुडी मुळांसकट बादलीत चार बोटं पाण्यात, सावलीत उभी करा. पाणी दर दोन दिवसांनी बदला, नाहीतर दांडे कुजून वास मारतात. आठवडा-दहा दिवसांत त्यातली बरीच बोंडं भरतात.

विसर्जनाच्या जुडीला हळदकुंकू लागलेलं असतं म्हणून काही बिघडत नाही. फक्त ओली बोंडं पिशवीत कोंबून ठेवू नका, एका रात्रीत बुरशी येते.

गच्चीकर
बोंड भरलंय हे ओळखायचं कसं? हात लावला की फुटतं म्हणतात.

वेणू
फुटतंच. कच्चं बोंड गर्द हिरवं, लवदार आणि दाबलं तर घट्ट लागतं. पिकत आलं की फुगतं, हिरवा रंग फिका पिवळसर होतो आणि उभ्या पाच शिरा वेगळ्या दिसायला लागतात. या अवस्थेत चिमटीत धरायचं नाही. अख्खं बोंड मुठीत घ्यायचं, मूठ मिटायची आणि मग देठापासून तोडायचं. मुठीतच फुटतं, पाची भाग आत गुंडाळले जातात आणि बी तळहातावर राहतं. चिमटीत धरलंत तर बी दोन-तीन हात लांब उडालेलंच.

कामावर जाणाऱ्यांनी लग्नात देतात त्या जाळीच्या छोट्या पोटल्या आणाव्यात. फिकट व्हायला लागलेल्या बोंडांच्या फांदीवर पोटली चढवून नाडी बांधली की संध्याकाळी बी गोळा. प्लास्टिकची पिशवी बांधू नका, आत घाम सुटून बोंड कुजतं.

पिकलेलं बी गोल, गडद तपकिरी ते काळं, मोहरीएवढं किंवा किंचित मोठं असतं. पांढरं किंवा फिकट बी कच्चं, ते टाकून द्या. सावलीत वर्तमानपत्रावर आठवडाभर वाळवा, उन्हात नको. मग कागदी पाकिटात, वर जागा आणि महिना लिहून, कोरड्या डब्यात. लगेच पुढच्या जूनमध्ये उगवण सगळ्यात चांगली मिळते. बी जुनं होत गेलं की टक्का उतरतो, म्हणून दरवर्षी थोडं ताजं धरावं.

घाटवाट
बी आणण्याबद्दल एक खरमरीत सूचना. कासच्या पठारावरून काही म्हणजे काही आणायचं नाही. तो राखीव वनाचा भाग आहे, 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे, आणि तिथे गुलाबी गालिचा दिसतो तो तुम्हाला हवा असलेला तेरडा नाहीच. तो इम्पेशन्स लॉई, पठारावरच्या वीतभर खोल, पाण्याने थबथबलेल्या मातीत वाढणारा. कुंडीत तो टिकत नाही. ओल्या कातळावर चिकटून वाढणारा इम्पेशन्स अकॉलिस, घाटमाथ्यावरचा पिवळा इम्पेशन्स डॅल्झेली, यांचंही तेच. त्यांना लागतं धुकं, सतत झिरपणारं पाणी आणि तो विशिष्ट कातळ. घरी आणून आठ दिवसांत मारण्यापलीकडे काही होत नाही.

साधा तेरडा मात्र रस्त्याच्या कापलेल्या दरडीवर, शेताच्या बांधावर, पडक्या गडग्याशी कुठेही भेटतो. बांध कुणाचा तरी असतो, विचारून घ्या. एका झाडावरची सगळी बोंडं ओरबाडू नका. दहा झाडांवरून एकेक घेतलंत तर रंगही मिळतात आणि तिथलं बी तिथे पडतं.

ओळख पटवायची तर पानं बघा. साध्या तेरड्याची पानं दांड्यावर एकाआड एक, लांबट, करवती काठाची. समोरासमोर अरुंद पानं असतील तर ती माळरानावरची दुसरी जात, इम्पेशन्स ऑपोझिटिफोलिया.

कुंडीवाला
आता माती. तेरडा मूळचा उताराचा आहे, पाणी धो धो पडतं पण थांबत नाही अशा जागेचा. कुंडीत तीच सोय करायची.

लाल माती दोन भाग, कुजलेला पालापाचोळा एक भाग, जाडी वाळू किंवा जांभ्या दगडाचा बारीक चुरा एक भाग. कोकोपीट वापरायचंच असेल तर पालापाचोळ्याच्या निम्म्याने, त्याहून जास्त नको. पावसाळ्यात कोकोपीट पिळून काढावं इतकं ओलं राहतं आणि तेरड्याचा रसदार दांडा बुंध्याशी कुजतो. काळी माती असेल तर वाळूचं प्रमाण दुप्पट करा. पुण्यात बिल्डरच्या ढिगातली चिकण काळी माती कुंडीत भरायची पद्धत आहे, तेरड्यासाठी ती सगळ्यात वाईट.

आठ इंची कुंडीत एक रोप. बारा इंचीत तीन. ग्रो बॅग चालते, पण तळाला भोकं वाढवा आणि खाली दोन विटा ठेवा, गच्चीला चिकटलेल्या बॅगेचं पाणी निघत नाही. वाफ्यात लावणार असाल तर दोन रोपांत वीतभरापेक्षा थोडं जास्त, 25 ते 30 सेंमी. त्याहून दाट लावलेला तेरडा सप्टेंबरात भुरीने, म्हणजे पानांवर पिठासारख्या पसरणाऱ्या बुरशीने, पांढरा होतो.

खत: लावताना मूठभर गांडूळखत, कळ्या दिसल्यावर आणखी एक मूठ. बस्स. युरिया, ताजं शेण, कोंबडीखत नको. नत्र वाढलं की पानं हाताएवढी होतात, दांडा पिचपिचीत होतो आणि पहिल्या वादळी पावसात आडवा पडतो. फुलं येतात, पण पानांआड.

पाणकळा
पेरणी.

मेच्या शेवटच्या आठवड्यापासून 10 जूनपर्यंत ट्रेमध्ये. वाळू आणि चाळलेलं पालापाचोळ्याचं खत निम्मं-निम्मं. बी पसरायचं आणि वरून फक्त तेवढीच माती भुरभुरायची की बी झाकलं गेलं न गेलं. खोल गेलेलं बी वर येत नाही. पाणी झारीने नाही, फवाऱ्याने. झारीच्या धारेने बी एका कोपऱ्यात गोळा होतं. उगवण पाच ते दहा दिवसांत. पहिली दोन पानं गोल, जाडसर, तुकतुकीत असतात, नंतरची करवती. गवत म्हणून उपटू नका.

चार खरी पानं आली की कुंडीत हलवा, पेरणीपासून साधारण तीन आठवड्यांत. तेरडा हलवणं सोसतो. दांड्याच्या खालच्या पेरांतून नवीन मुळं फुटतात, म्हणून रोप मुळापाशी होतं त्यापेक्षा खोल, पहिल्या गोल पानांपर्यंत मातीत गाडा. लांबुळकी झालेली रोपंही अशी खोल लावली की सावरतात. हलवायची वेळ संध्याकाळ किंवा ढगाळ दिवस. पुढचे दोन दिवस रोप मान टाकून बसेल, घाबरून पाणी ओतत बसू नका.

कुंडीवाला
@पाणकळा, ट्रेची कटकट हवीच कशाला? जूनचा पहिला दमदार पाऊस झाला की थेट कुंडीत पाच-सहा बिया टाका, वीतभर झाली की एक ठेवून बाकी उपटा. रानात कोण ट्रे लावतो!

पाणकळा
बी भरपूर असेल तर थेट पेराच. पण गच्चीकरांकडे पहिल्या वर्षी बाजारातल्या जुडीतून निघालेलं चिमूटभर बी असणार. त्यातलं निम्मं वळवाच्या सरीने उगवून पुढच्या कोरड्या आठवड्यात करपलं, उरलेलं गोगलगायींनी खाल्लं, तर हाती काही राहत नाही. जूनमध्ये मुंगी आणि शंखी गोगलगाय या दोघांपासून ट्रे उंचावर ठेवता येतो, कुंडी नाही. दुसऱ्या वर्षापासून बी आपोआप पडतं, तेव्हा तुमचं म्हणणं मान्य.

रोपवाटिका
ट्रेमध्ये एक धोका आहे. रोपं बोटभर झाली की एका सकाळी दोन-चार आडवी दिसतात, बुंध्याशी दांडा दोऱ्यासारखा बारीक आणि पाणचट झालेला. ही रोपमर. बुरशी मातीतून येते. दाट पेरणी, संध्याकाळचं पाणी आणि कोंदट हवा, ही तिची तीन आमंत्रणं. पडलेली रोपं भोवतालच्या मातीसकट काढून टाका, ती परत उभी राहत नाहीत. उरलेल्यांची विरळणी करा, दोन रोपांत दोन बोटं अंतर. वर कोरडी वाळू पसरा, पाणी फक्त सकाळी. पेरण्याआधी मातीत ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) मिसळलेलं बरं, एक किलो खतमातीला 10 ग्रॅम. रोपं आडवी पडल्यावर घालून फारसा उपयोग नाही.

गच्चीकर
शेंडा खुडायचा का? झेंडू-शेवंतीला खुडतो तसा.

कुंडीवाला
खुडा. वीतभर झाल्यावर चौथ्या-पाचव्या पानावर शेंडा काढला की खालून चार फांद्या फुटतात, रोप भरतं.

वेणू
गौरीसाठी लावताय तर खुडू नका. तेरड्याची फुलं दांड्यावर पानांच्या बेचक्यात येतात, शेंड्यावर नाही. सरळ वाढलेला एक दांडा म्हणजे खालपासून वरपर्यंत फुलांची माळ. खुडलेलं झुडूप कुंडीत गोल दिसतं पण फुलायला आठवडा-दोन आठवडे उशीर करतं आणि जुडी बांधायला फांद्या तोकड्या पडतात. ज्याला फक्त कुंडी सजवायची आहे त्याने खुडावं.

जांभ्या
वेणूताईंनी मुद्द्याला हात घातला, कारण गौरीच्या तारखेला तेरडा फुलवायचा तर त्याचं घड्याळ कसं चालतं हे माहीत हवं.

रानतेरडा दिवस लहान व्हायला लागल्यावर फुलतो. खरं तर तो रात्रीची लांबी मोजतो. या गुणामुळे फुलोऱ्याच्या अभ्यासासाठी वनस्पतीशास्त्राच्या प्रयोगशाळांनी तो फार वापरला आहे. पुण्यात 21 जूनला दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, सप्टेंबरच्या सुरुवातीला साडेबारापेक्षाही थोडा खाली येतो. म्हणून मेमध्ये पेरलेला आणि जूनअखेर पेरलेला तेरडा जवळजवळ एकाच सुमारास फुलतो, फक्त आधीचा उंच होतो. आणि नोव्हेंबरात बी पडून उगवलं तर रोप चार बोटांचं असतानाच फूल धरतं आणि संपतं. हिवाळ्यात तेरडा लावून 'वाढच होत नाही' अशी तक्रार करणाऱ्यांचं कारण हेच.

आता गौर. तेरडा सूर्याच्या हिशेबाने चालतो, गौर चंद्राच्या. 2023 मध्ये अधिक श्रावण होता, गौरी आवाहन 21 सप्टेंबरला आलं, तेरडा ऐन बहरात. 2025 मध्ये आवाहन 31 ऑगस्टला, म्हणजे तीन आठवडे आधी, तेव्हा बऱ्याच ठिकाणी खालची चार फुलं उघडलेली आणि वर नुसत्या कळ्या. 2026 ला अधिक ज्येष्ठ, गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला, तेव्हा काही खटपट न करताही फुलं मिळायला हरकत नाही.

गच्चीकर
आणि लवकर येणाऱ्या वर्षी?

जांभ्या
रात्र लांबवायची. रोपं गुडघ्याच्या खाली असताना, आवाहनाच्या पाच-सहा आठवडे आधी, रोज संध्याकाळी पाचला कुंड्यांवर उलटा पुठ्ठ्याचा खोका किंवा दुपदरी काळं कापड घालायचं आणि सकाळी आठला काढायचं. म्हणजे उजेड नऊ तास, अंधार पंधरा तास. खोक्याला बाजूने, खालच्या अंगाला हवेसाठी फट ठेवा, पण उजेड आत येऊ देऊ नका. सलग दोन आठवडे केलं की बेचक्यांत कळ्या दिसतात.

मध्येच सोडू नका. चार-सहा दिवस झाकून मग कंटाळून लांब दिवसात परत ठेवलेला तेरडा कळ्या धरायचं अर्धवट सोडतो आणि पुन्हा पानं काढायला लागतो. कधी कधी तर अर्धं फूल, अर्धं पान अशी विचित्र रचना तयार होते. कळ्या रंग दाखवेपर्यंत झाकत राहा.

याची उलट बाजू जास्त कामाची. गच्चीवर रात्रभर ट्यूब किंवा सोसायटीचा हॅलोजन कुंडीवर पडत असेल तर तेरडा फुलायला उशीर करतो. शेजारच्या अंधाऱ्या कोपऱ्यातली कुंडी फुललेली आणि दिव्याखालची नुसती हिरवी, असं दिसलं की खत वाढवू नका, कुंडी हलवा.

मोरपंखी
दिव्याचं हे आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. आमच्या जिन्यातल्या कुंड्यांचा उलगडा झाला.

रोपवाटिका
भुरीवर लिहितो, कारण नव्वद टक्के प्रश्न शेवटी तिथेच येतात.

पाऊस सरताना, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, दिवसा कोरडं ऊन आणि रात्री दव पडायला लागलं की खालच्या पानांवर पिठासारखे डाग येतात. संततधार पावसात भुरी येत नाही, कारण पानावर वाहणारं पाणी तिला मानवत नाही. म्हणून पावसात निर्धास्त असलेले लोक उघडीप पडली की आठवड्यात हरतात.

उपाय आधी करायचा. पहिली उघडीप दिसली की खालची, मातीला टेकणारी पानं काढून टाका, कुंड्यांत अंतर ठेवा. आंबट ताक एक वाटी, पाणी नऊ वाट्या, गाळून आठवड्यातून एकदा फवारा. हे फक्त प्रतिबंधाला चालतं. निम्मं पान पांढरं झाल्यावर ताक फवारणं म्हणजे वेळ घालवणं. तेव्हा पाण्यात मिसळणारं गंधक, 80 टक्क्यांचं, लिटरला 2 ग्रॅम, संध्याकाळी. तापमान पस्तिशीकडे असेल तर गंधक फवारू नका, पानं भाजतात. ऑक्टोबरच्या उकाड्यात हे लक्षात ठेवा. फुलांवर फवारा मारू नका, मधमाश्या येतात.

आणि खरं सांगायचं तर ऑक्टोबरच्या मध्यात बोंडं भरून झाली असतील तर भुरीशी भांडायचं कारणच नाही. वार्षिक झाड आहे, ते जाणारच. बी घ्या आणि कापून टाका. फक्त भुरीची झाडं घरच्या खतात टाकू नका.

पानसुपारी
माझ्या कुंड्यांखाली काळ्या मिरीएवढ्या गोळ्या पडतात आणि सकाळी अर्धी पानं गायब. उंदीर?

घाटवाट
उंदीर नाही, अळी. त्या गोळ्या तिची विष्ठा. गोळ्यांच्या नेमकं वर, पानाच्या मधल्या शिरेला धरून, खालच्या बाजूने बघा. बोटाएवढी जाड, काळपट, अंगावर दोन्ही बाजूंनी पिवळ्या गोल ठिपक्यांची रांग आणि शेपटीवर ताठ काटा. डिवचलं की तो काटा पुढे-मागे हलवते. चावत नाही, टोचतही नाही. थेरेट्रा नावाच्या पतंगाची ही अळी, अळूवरही हीच असते. त्यामुळे तेरड्याशेजारी अळूची कुंडी असेल तर दोन्ही तपासा.

एक अळी दोन दिवसांत एक रोप बोडकं करते, पण एका कुंडीत सहसा एक-दोनच असतात. हाताने उचला आणि अळूच्या जुन्या पानावर किंवा रानतेरड्यात नेऊन सोडा. औषध मारण्याएवढी ही कीड नाही. तिचा पतंग तिन्हीसांजेला सोंड लांब करून फुलांवर येतो, तोही बघण्यासारखा असतो. एकेरी तेरडा लावून अळी मारायची म्हणजे कशासाठी लावला असा प्रश्न पडतो.

पानसुपारी
मिळाली. तीन होत्या. काटा खरंच हलवते!

कुंडीवाला
दुपारी मान टाकण्याबद्दल. तेरड्याच्या दांड्यात नुसतं पाणी, त्यामुळे उघडिपीच्या दिवशी दुपारी एक वाजता पानं लोंबतातच. संध्याकाळी सहाला परत ताठ झाली तर काही करायचं नाही. माती ओली असूनही संध्याकाळी ताठ होत नसेल तर दोनच कारणं: बुंधा कुजला किंवा मुळांना गाठी झाल्या. बुंधा बोटाने दाबून बघा, मऊ लागला तर संपलं. घट्ट असेल तर रोप उपटा आणि मुळं धुऊन बघा. मुळांवर ज्वारीच्या दाण्यासारख्या गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत घुसणारे मातीतले बारीक जंत.

रोपवाटिका
सूत्रकृमींना तेरडा फार चटकन बळी पडतो, इतका की मातीत ते आहेत का हे तेरडा लावून कळावं. टोमॅटो, वांगं, भेंडी काढलेल्या कुंडीची माती तेरड्याला कधीही वापरू नका. वापरायचीच असेल तर एप्रिल-मेमध्ये ती ओली करून, पारदर्शक प्लास्टिकखाली वीतभर थरात, चार ते सहा आठवडे कडक उन्हात तापवा. काळं प्लास्टिक नको, त्याखाली माती तेवढी तापत नाही. लावताना बारा इंची कुंडीला 50 ग्रॅम निंबोळी पेंड. गाठी झालेली माती वाफ्यात ओतू नका, सगळीकडे पसरते.

मोरपंखी
आमची खिडकी ग्रिल-जाळीबंद आहे, मधमाश्या येत नाहीत. फुलं येतात आणि गळतात, बोंडच धरत नाही.

जांभ्या
फुलाच्या तोंडाशी वरच्या बाजूला एक छोटी पांढरट टोपी दिसते, ते जुळलेले पाच पुंकेसर. फूल आधी नर असतं, ही टोपी पराग देते. मग टोपी गळून पडते आणि तिच्याखालचं बीजांडकोशाचं हिरवं टोक उघडं होतं, तेव्हा फूल मादी. म्हणजे एकाच फुलाचा पराग त्याच फुलाला सहसा उपयोगी पडत नाही, पण त्याच झाडाच्या दुसऱ्या फुलाचा चालतो. रंगकामाचा मऊ ब्रश घ्या, टोपी असलेल्या ताज्या फुलावर फिरवा, मग टोपी गळलेल्या फुलाच्या हिरव्या टोकाला लावा. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास. चार-पाच दिवसांत फूल गळून मागे लवदार बोंड फुगताना दिसेल.

एकेक फूल फार दिवस राहत नाही. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' म्हणतात ते फुलापुरतं बरोबर आहे, झाडापुरतं नाही. झाड सहा-सात आठवडे फुलतं.

थेम्सकाठ
इंग्लंडमध्ये आहे. इथे नदीकाठी पुरुषभर उंचीचा गुलाबी तेरडा माजलेला दिसतो, बोंडंही तशीच फुटतात. त्याचं बी आणून लावलं तर गौरीला चालेल का?

घाटवाट
नका लावू. तो हिमालयातला तेरडा, इम्पेशन्स ग्लँड्युलिफेरा. 1839 मध्ये बागेसाठी ब्रिटनमध्ये नेला आणि नदीकाठ व्यापून बसला. आता तो तिथे आक्रमक वनस्पतींच्या यादीत आहे, रानात लावणं किंवा पसरू देणं गुन्हा आहे. युरोपीय संघानेही 2017 मध्ये त्याला आपल्या यादीत घातलं.

तुम्ही इथल्या जातीचंच, इम्पेशन्स बाल्समिनाचं बी तिथल्या बियाण्याच्या दुकानातून घ्या. ती थंडीत पूर्ण मरते, पसरायचा धोका त्यामानाने कमी.

जांभ्या
आणि तिथे रानवाण नको, बागेतला वाणच घ्या. तुमच्याकडे जून-जुलैत दिवस सोळा तासांचा असतो, रानतेरडा सप्टेंबर उजाडेपर्यंत नुसता वाढत बसेल आणि मग थंडी येईल. बागेतले बरेच वाण दिवसाच्या लांबीची एवढी पर्वा करत नाहीत. एप्रिलमध्ये घरात खिडकीशी पेरा, खोली 20 अंशांच्या वर हवी. रात्री दव गोठणं पूर्ण थांबल्यावर, मेअखेरीस बाहेर.

गच्चीकर
दोन शेवटचे प्रश्न. तेरडा संपल्यावर त्या कुंडीचं काय करायचं? आणि पानं मेंदीसारखी रंगतात, मुलांच्या हातावर लावली तर चालतात का?

वेणू
रंगतात. पानं-फुलं वाटून नखांवर लावायची जुनी चाल आहे, गुलमेंदी नाव त्यावरूनच. तेरड्यातला रंग मेंदीतल्या रंगद्रव्याच्या जवळचा आहे. नखांवर लावायला हरकत नाही, आधी मनगटावर थोडं लावून बघा. खाण्यात मात्र घालू नका, पानांत ऑक्झॅलेट असतं. मुलं बोंडं फोडतात तेव्हा बी तोंडात जाणार नाही एवढं बघा.

पाणकळा
कुंडीचं सांगतो. बोंडं फुटून बी कुंडीतच पडलेलं असतं. सुकलेली झाडं उपटू नका, मातीच्या वर कात्रीने कापा, म्हणजे वरचा थर ढवळला जात नाही. माती खणू नका, खाली गेलेलं बी उगवत नाही. त्या कुंडीत हिवाळी भाजी लावायचा मोह टाळा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुंडी रोजच्या पाण्याच्या वाटेतून उचलून जिन्याखाली, कोरड्या सावलीत ठेवा. ओलीत राहिली तर हिवाळ्यात, फेब्रुवारीत थोडंथोडं बी उगवून वाया जातं. 1 जूनला परत उघड्यावर आणा, वर बोटभर चाळलेलं खत नको, फक्त चिमूटभर वाळू भुरभुरा. पहिल्या पावसानंतर आठवडाभरात गोल तुकतुकीत पानं दिसतील, तेव्हा तीन ठेवून बाकीची दुसऱ्या कुंडीत हलवा.

कुंडीवाला
आणि रिकाम्या जागेत कुर्डू टाका. तोही रानातला, तोही वार्षिक, तेरड्याच्या मागे उभा राहतो आणि कोवळा असताना भाजीला होतो. फक्त एका बारा इंची कुंडीत एकच, नाहीतर तेरडा दाबतो.

गच्चीकर
समजलं. बाजारातल्या जुड्या या वर्षी टाकणार नाही. जाळीच्या पोटल्या किती आकाराच्या घेऊ?

वेणू
तीन बाय चार इंचाच्या. त्याहून मोठ्या घेतल्या तर पावसात भिजून फांदी वाकते.